पुढच्या टोकाचा कठडा

मे २०२५ ची गोष्ट आहे. सासूबाई गच्चीवरून कुरडयांचं वाळवण घेऊन खाली येत होत्या. एका हातात परात, दुसरा हात जिन्याच्या रेलिंगवर. वरून तिसऱ्या पायरीवर त्यांनी जरा भार दिला आणि रेलिंग खांबासकट बाहेरच्या बाजूला कललं. नशीब, त्या मागे बसल्या, पुढे गेल्या नाहीत. परात घरंगळत अंगणात गेली, कुरडयांचा चुरा झाला. त्यांना लागलं काही नाही, पण तेव्हापासून त्या जिना चढताना भिंतीला हात लावून चढतात. रेलिंगला हात लावत नाहीत.

त्या रेलिंगला वर्षसुद्धा झालं नव्हतं. चकचकीत स्टील, मधे नक्षीची गोल कडी. आल्या-गेल्यानं कौतुक केलेलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीच्या तोंडाशी ज्यांचं वेल्डिंगचं शेड आहे, त्या चाचांना बोलावलं. (रेलिंग त्यांनी बसवलेलं नव्हतं. ज्यांनी बसवलं त्यांचा विषय सोडून द्या.) चाचांनी पाईपकडे पाहिलंच नाही. पायरीवर बसले, उखडलेली फरशी हातात घेतली आणि उलटी करून मला दाखवली. म्हणाले, "ताई, पाईप चांगलाय, वेल्डिंगबी चांगलंय. बोल्ट पहा. नुसता फरशीत होता, खाली काँक्रिटपर्यंत गेलाच नाही. लोकं वरची चमक पाहून पैसे द्यायलेत, मग बनवणारेबी वरचंच बनवायलेत."

त्याच महिन्याच्या शेवटी पेपरात एक बातमी आली. नौदलाच्या दोन महिला अधिकारी, दिलना के. आणि रूपा ए., 'तारिणी' नावाच्या शिडाच्या नौकेतून पृथ्वीला फेरी मारून २९ मे रोजी गोव्यात परत आल्या. २ ऑक्टोबर २०२४ ला निघाल्या होत्या. जवळजवळ आठ महिने, पंचवीस हजारांवर सागरी मैल, आणि नौकेवर माणसं दोनच. एरवी मी असा फोटो पाहिला असता तर शिडं पाहिली असती, नाही तर त्या दोघींचे उन्हानं रापलेले चेहरे. पण जिन्याचा प्रकार ताजा होता. माझी नजर गेली ती नौकेच्या पुढच्या टोकाला असलेल्या स्टीलच्या कठड्यावर. तिथून दोन्ही बाजूंनी मागपर्यंत छोटे छोटे खांब आणि खांबांमधून ओढलेल्या तारा. मनात आलं, समुद्राच्या मधोमध रात्री दोन वाजता ही बाई ज्याला धरून उभी राहते, त्याचा बोल्ट कुठपर्यंत गेला असेल?

आता तुम्ही म्हणाल, किनवटला बसून समुद्रातल्या नौकेची चौकशी कशाला? समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर. आमच्याकडे पैनगंगा आहे, पावसाळ्यात सहस्रकुंडाचा धबधबा आहे, सागाचं जंगल आहे. खरं आहे. पण नदीलाही नाव लागते, आणि त्या नावेतून आपण बायकाच जास्त बसतो. त्याबद्दल पुढे सांगतेच.

आधी तारिणी. ही नौका परदेशातून आणलेली नाही. गोव्यात मांडवी नदीत दिवाडी नावाचं बेट आहे. ओल्ड गोव्याहून फेरीबोटीनं तिकडे जावं लागतं. त्या बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या अ‍ॅक्वेरियस शिपयार्डमध्ये ती बांधली गेली आणि १८ फेब्रुवारी २०१७ ला नौदलात दाखल झाली. लांबी साधारण १७ मीटर. नकाशा डच, हात मात्र आपले. त्याच यार्डात त्याआधी 'म्हादेई' बांधली होती. तिच्यातून कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, असं करणारे ते पहिले भारतीय. ह्या साऱ्या खटाटोपामागे होते व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी, जे निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णी गावी राहिले. तारिणीची पहिली मोठी सफर २०१७-१८ ची. वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा जणी १० सप्टेंबर २०१७ ला गोव्याहून निघाल्या आणि २१ मे २०१८ ला परतल्या. नावही किती छान बघा, तारिणी म्हणजे तारून नेणारी. ओडिशातल्या तारातारिणी देवीवरून ठेवलेलं.

नौकेच्या पुढच्या निमुळत्या टोकाला कोकणातले खलाशी नाळ म्हणतात. नौकेवरची सगळ्यात वाईट जागा ती. मागच्या बाजूला सुकाणूपाशी बसलेल्या माणसाला हेलकावे कमी लागतात. पुढचं टोक मात्र प्रत्येक लाटेबरोबर वर जातं आणि खाली आदळतं, वरून पाणी घेतं. आणि कामं नेमकी तिथंच निघतात. पुढचं शीड बदलायचं असतं, अडकलेली दोरी सोडवायची असते, बंदरात शिरताना नांगर सोडायचा असतो. तिथं माणूस दोन्ही हात कामात असताना तोल सांभाळतो तो गुडघे आणि मांड्या कठड्याला टेकवून. दोनच जणी असल्या की एक झोपलेली असते. पुढे गेलेली पडली, तर झोपलेलीला ते कळायलाही वेळ लागतो. म्हणून दोरीला अडकवलेला कमरेचा पट्टा असतोच. पण पट्टा हा पडल्यावरचा उपाय. कठडा पडू नये म्हणून.

गंमत म्हणजे हा कठडा उंच नसतो. आपल्या गच्चीचा कठडा तीन-साडेतीन फूट असतो. लांब पल्ल्याच्या शर्यतींच्या शिडाच्या नौकांसाठी आंतरराष्ट्रीय नियम आहेत, त्यात वरची तार डेकपासून किमान ६०० मिलिमीटर उंच हवी, म्हणजे जेमतेम दोन फूट. दोन खांबांमधलं अंतर २.२ मीटरपेक्षा जास्त नको. उंच केला की शिडांना अडथळा होतो, आणि जितका उंच तितका तो मुळातून उपटायला सोपा. लांब दांड्यानं दगड उचकटतो तसं.

मी ते सगळं कात्रण घेऊन चाचांच्या शेडमध्ये गेले. त्यांनी चष्मा लावला, फोटो लांब धरला, जवळ धरला. म्हणाले, "काम बारीक आहे."

बारीक म्हणजे काय, ते नंतर काही वाचून आणि काही चाचांना विचारून समजत गेलं. सांगते, कारण आपल्या घरच्या ग्रिलपासून रेलिंगपर्यंत सगळ्यालाच ते लागू आहे.

पहिली गोष्ट माप. ब्लाऊज शिवणाऱ्या मैत्रिणींना हे लगेच कळेल. कोणाचेही दोन खांदे सारखे नसतात, तशा हातानं बांधलेल्या नौकेच्या दोन बाजू तंतोतंत सारख्या नसतात. शिवाय डेक सपाट नसतो. पुढे चढत जातो आणि दोन्ही कडांना उतरता असतो. त्यामुळे कागदावर नकाशा काढून पाईप कापला की फसलाच. कारागीर पातळ सळई नाही तर प्लॅस्टिकचा पाईप घेऊन नौकेवरच वाकवतात, लाकडी पट्ट्या ठोकून नमुना उभा करतात. टोकापासून मधल्या डोलकाठीपर्यंत दोरा ताणून मधली रेघ धरतात आणि दोन्हीकडची मापं त्या दोऱ्यापासून घेतात. आणखी एक मेख आहे. शेडमध्ये टेकूवर ठेवलेली नौका जमिनीला समांतर असेलच असं नाही. मग गवंडी वापरतात ती लेव्हलची बाटली लावून खांब ओळंब्यात उभे केले, तर नौका पाण्यात गेल्यावर सगळा कठडा तिरका दिसतो. आधी नौका सरळ टेकवायची, नाही तर तिच्याच अंगावरच्या रेघेवरून माप घ्यायचं.

दुसरी गोष्ट वाकवण्याची. साधारण एक इंची पाईप असतो. नुसता जोर लावून वाकवला तर आतल्या बाजूला सुरकुत्या पडतात आणि पाईप चपटा होतो. चपटा झाला तिथं तो कमजोर. म्हणून वाकवायच्या मशिनला पाईपच्या मापाचे साचे असतात, चांगल्या कामात पाईपच्या आतही आधार घालतात. चाचांनी जुनी पद्धत सांगितली. पाईपमध्ये कोरडी वाळू ठासून भरायची, दोन्ही तोंडं बंद करायची आणि मग वाकवायचा. वाळू कशी पाहिजे? "भाजलेल्या रव्यासारखी." ओली राहिली आणि पाईप तापवला तर आत वाफ धरते, बूच गोळीसारखं सुटतं. आणि पाईप वाकवून सोडला की तो थोडा परत येतो, म्हणून लागतं त्यापेक्षा किंचित जास्त वाकवायचा. किती जास्त? ह्यावर चाचा नुसते हसले. पोळीची कणीक किती सैल हवी, असं मला कोणी विचारलं तर मीही तशीच हसेन.

मग जोडणी. एक पाईप दुसऱ्याला जिथं मिळतो तिथं त्याचं तोंड सरळ कापून चालत नाही. दुसऱ्याच्या गोलाईवर चपखल बसेल असा खळगा कापावा लागतो, उघड्या तोंडाच्या मासळीसारखा. हे कंटाळवाणं काम असतं म्हणून बरेच जण तोंड सरळ कापतात आणि राहिलेली फट वेल्डिंगनं भरतात. वरून घासून पॉलिश केलं की काही कळत नाही. आपण धावदोरा घालतो ना, तसे आधी नौकेवरच ठिकठिकाणी वेल्डिंगचे ठिपके मारतात. मग तो सांगाडा उचलून टेबलावर आणतात आणि पक्कं वेल्डिंग करतात. तेही एका टोकापासून सलग करत जायचं नाही. एकदा ह्या बाजूला, एकदा त्या बाजूला. कारण धातू तापला की ओढला जातो. इतकं करूनही परत नेऊन ठेवल्यावर एखादा पाय बोल्टच्या भोकापासून सरकलेला निघतो. तेव्हा दोघं जण जोर लावून तो ओढून बसवणं सगळ्यात सोपं असतं आणि सगळ्यात चूक. तो ताण त्या जोडात कायमचा राहतो, आणि लाटांचे हजारो धक्के बसले की जोड तिथंच फुटतो.

स्टीलचं हे वेल्डिंग साध्या कांडीनं करत नाहीत, आर्गननं करतात. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात बारीक तार. आर्गन वायू त्या तापलेल्या जागेला हवा लागू देत नाही. चांगला कारागीर पाईपच्या आतही आर्गन सोडतो, नाही तर आतली बाजू जळालेल्या साखरेसारखी काळी, खरखरीत होते. (हे काम जोराचं नाही, स्थिर हाताचं आहे. सरकारी आयटीआयमध्ये वेल्डरचा कोर्स एक वर्षाचा असतो. ज्या घरात मुलीला फॅशन डिझायनिंग की ब्युटी पार्लर एवढीच चर्चा चालू आहे, तिथं हा शब्द सहज कानावर घालायला हरकत नाही.)

आता स्टीलबद्दल थोडं, कारण इथं आपण फसतो. स्टीलच्या डब्यात मीठ ठेवू नये हे आपल्याला आईनं शिकवलं. का, ते सांगितलं नव्हतं. मिठामुळे स्टीलवरचा अदृश्य पापुद्रा ठिकठिकाणी तुटतो आणि बारीक बारीक खड्डे पडतात. समुद्र म्हणजे तर मिठाचंच पाणी. आपल्या चांगल्या भांड्यांचं स्टील ३०४ नंबरचं असतं, त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. समुद्रावर तेही काही महिन्यांत चहाचे ओघळ पडल्यासारखं तपकिरी दिसायला लागतं. म्हणून नौकेसाठी ३१६ नंबरचं वापरतात. त्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम नावाचा धातू जास्त असतो, आणि तेवढ्यानं मोठा फरक पडतो. बाजारात रेलिंगसाठी २०२ नंबरचंही स्टील असतं. निकेल कमी, म्हणून स्वस्त आणि लवकर डागाळणारं. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो, "बघा वहिनी, चिकटत नाही, अस्सल आहे." वहिनींनी भुलू नये. २०२ लाही चुंबक सहसा चिकटत नाही. नंबर बिलावर लिहून घ्यावा.

आणि नंबर बरोबर असूनही कामात माती होऊ शकते. चाचांच्या शेडमध्ये एकाच कोपऱ्यात लोखंडी गेटही घासतात आणि स्टीलचं रेलिंगही. लोखंडाची ती बारीक भुकटी स्टीलवर बसते, आणि पहिल्या पावसात स्टीलवर गंजाचे ठिपके उठतात. लोक म्हणतात स्टील खोटं होतं. स्टील खरं असतं, ब्रश आणि चाक लोखंडावर वापरलेलं असतं. हे ऐकल्यावर चाचा थोडा वेळ गप्प बसले. मग आतून स्टीलसाठीचा वेगळा ब्रश आणून मला दाखवला. नवा कोरा, प्लॅस्टिकमध्येच. "आणला होता," म्हणाले.

वेल्डिंगच्या शेजारी निळे-तांबूस पट्टे पडतात, ते दिसायला छान असले तरी काढावेच लागतात. गंज तिथून सुरू होतो. त्यासाठी आम्लाची लपेट लावून धुतात. ते आम्ल भयंकर असतं, हातमोजे आणि चष्म्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. पाईपच्या खालच्या टोकाला एक बारीक भोकही ठेवतात, आत साठलेलं पाणी निघून जावं म्हणून.

इतकं सगळं झाल्यावर येतो बोल्ट. माझा मूळ प्रश्न.

कठड्याच्या प्रत्येक पायाला खाली एक पट्टी असते आणि तिच्यातून बोल्ट डेकच्या आरपार खाली जातात. खालून, म्हणजे आतल्या छताच्या बाजूनं, आणखी एक धातूची जाड पट्टी लावतात आणि मग नट आवळतात. ती पट्टी नसली तर ओढ बसल्यावर नट डेकमधून वर निघून येतो, आमच्या फरशीसारखा. पण नौकेत आणखी एक अडचण असते. तारिणीचं अंग म्हणजे मधे लाकूड आणि दोन्ही बाजूंनी फायबरग्लास, सँडविचसारखं. अशा अंगाला नुसतं भोक पाडून बोल्ट घातला की भोकाच्या कडेनं पाणी मधल्या थरात शिरतं. वरून काही दिसत नाही. आत ते वर्षानुवर्षं कुजत जातं. आणि मग कठडा एक दिवस मऊ जमिनीतल्या खुंटीसारखा हलायला लागतो. म्हणून आधी मोठं भोक पाडतात, आजूबाजूचा मधला थर थोडा कोरून काढतात, तिथं इपॉक्सी भरून ते दगडासारखं घट्ट होऊ देतात आणि मग त्या इपॉक्सीमधून बोल्टचं भोक पाडतात. एकेका पायाला तीन-चार बोल्ट, चार-सहा पाय. म्हणजे जी जागा कधीच कोणाला दिसणार नाही तिथं दोन दिवस काम. त्यानंतर पट्टीखाली पाणी अडवणारा लवचीक लेप. तोही एकदम आवळून सगळा बाहेर काढायचा नाही, थोडा सुकू द्यायचा आणि मग शेवटचा आवळा.

चाचांनी हे लक्ष देऊन ऐकलं. विचारलं, "ह्याचे पैसे वेगळे मिळतात का त्यांना?"

मला उत्तर देता आलं नाही.

आता नदी. माझं माहेर पैनगंगेच्या काठचं. पलीकडे यवतमाळ जिल्हा, म्हणजे विदर्भ. सोयरिकी दोन्हीकडच्या. पूल लांब होता तेव्हा नावेनंच जावं लागायचं. नावेत बसायची मला भीती नव्हती, उतरायची होती. नावाडी नावेचं पुढचं टोक काठाच्या चिखलात घुसवायचा, आणि आम्ही त्या टोकावरून खाली उतरायचं. आईच्या डोक्यावर गाठोडं, कडेवर धाकटा भाऊ, एका हातानं निऱ्या वर धरलेल्या. नाव खालून हलतेय. नावाडी हात पुढे करायचा, पण परक्या माणसाचा हात कसा धरायचा? सोबत आजोबा असले तर मुळीच नाही. आई कशालाच न धरता उतरायची. एकदा घसरली. भाऊ वाचला, गाठोडं पाण्यात गेलं, आणि तिचा गुडघा त्यानंतर थंडीत कायम दुखायचा. घरी सगळ्यांनी विचारलं ते गाठोड्यात काय काय होतं ते.

त्या नावेला पुढे धरायला दोन दांड्या असत्या तर? एवढाच माझा प्रश्न आहे. याहून मोठा दावा मी करणार नाही. कारण कठड्यामुळे नाव उलटायची थांबत नाही. २३ जानेवारी २०२४ ला गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरच्या मजूर बायका वैनगंगा ओलांडून मिरची तोडायला निघाल्या होत्या. नाव उलटली आणि सहा जणी बुडाल्या. तिथं कठडा असता तर त्या वाचल्या असत्या, असं म्हणणं खोटं होईल. तिथं हव्या असतात लाइफ जॅकेट, नावेच्या मापाची माणसं आणि खरं तर पूल. जानेवारी २०१८ मध्ये डहाणूला विद्यार्थ्यांची नाव उलटली, तीन मुली गेल्या. सगळी मुलं एका बाजूला गोळा झाली होती असं तेव्हा बातम्यांत होतं. छोट्या नावेवर उंच, जड कठडा चढवला तर वरचं वजन वाढून ती उलट जास्त डुलेल, आणि माणसं उभं राहून त्याला रेलतील ते वेगळंच. म्हणजे नदीच्या नावेला समुद्रातल्या नौकेची नक्कल उपयोगाची नाही.

नक्कल करायची तर गोव्याच्या फेरीबोटीची करावी. दिवाडीला जाणारी फेरीबोट पुढे निमुळती नसते. तिचं तोंड सपाट असतं, काठाला लागली की पुढची फळी खाली पडते आणि माणसं, मोटरसायकली पुढूनच चालत उतरतात. तारिणीला पुढचं टोक बंद करणारा कठडा लागतो, कारण तिच्यावरून पुढे कोणी उतरत नाही. आमच्या नावेला मात्र पुढूनच उतरायचं असतं. मग तिचा कठडा पुढे उघडाच हवा.

हे मी चाचांना शेडमध्ये सांगितलं. आमचं रेलिंग तोपर्यंत त्यांनी परत बसवलं होतं. फरशी काढून, खाली काँक्रिटमध्ये चार इंच बोल्ट घेऊन, वर मोठी पट्टी. चमक जरा कमी झाली आहे, पण मी स्वतः लोंबकळून पाहिलं. सासूबाई अजूनही भिंतीलाच धरतात.

चाचांनी खडू घेतला आणि शेडच्या फरशीवर नावेचं टोक काढलं. दोन्ही कडांना एकेक आखूड दांडी काढली, बसलेल्या माणसाच्या हाताला लागेल एवढीच उंच, मधली वाट मोकळी. नदीचं पाणी गोडं, तेव्हा ३१६ ची गरज नाही. जस्ताचा मुलामा दिलेला जाड लोखंडी पाईप चालेल. "पण मुलाम्याच्या पाईपाला वेल्डिंग केलं की धूर वाईट निघतो, ताप येतो," ते म्हणाले, "आधी वेल्डिंग, मग मुलामा." नाव लाकडी असेल तर बोल्ट आतल्या आडव्या फाळक्यापर्यंत जायला पाहिजे, नुसत्या फळीत नको. पत्र्याची असेल तर आतून पट्टी.

मग पुढच्या टोकाला दांडी जिथं संपते तिथं त्यांचा खडू थांबला. पाईप सरळ कापला तर त्याचं टोक पुढे येत होतं. त्यांनी वर पाहून विचारलं,

"ताई, उतरताना पदर कुठल्या बाजूला असतो?"

मी म्हटलं, तुमच्या बहिणीला विचारा, कडेवर लेकरू असलं की पदर कुठंही असतो.

त्यांनी हातानं ती रेघ पुसली आणि दोन्ही दांड्यांची टोकं खाली वळवून गोल केली.